आफ्रिकन स्वाइन फीवर: विषाणूची जनुकं डुकराच्या उपजत प्रतिकारशक्तीला कशी गप्प करतात?

मृण्मयी_के (धागाकर्ती)

मागच्या आठवड्यात पशुपालन विभागात ईशान्येतल्या डुकरांच्या साथीवर चर्चा चालली होती. तिथं दोघा-तिघांनी विचारलं होतं, की शंभर वर्षं जुन्या रोगावर अजून धड लस का नाही? चार ओळींत ते मावेना, म्हणून वेगळा धागा काढते आहे. मी विषाणूशास्त्रात काम करते आणि डुकराच्या पेशी हाच माझा रोजचा विषय आहे. जरा लांबण लागेल, पण वाचा.

आधी इतिहास थोडक्यात. या रोगाचं पहिलं वर्णन १९२१ मध्ये माँटगोमेरी यांनी केनियातून प्रसिद्ध केलं. युरोपीय वसाहतवाल्यांनी आणलेली पाळीव डुकरं धडाधड मरत होती आणि त्याच मुलखातले वॉर्टहॉग (आफ्रिकेतली रानडुकरं) मात्र ठणठणीत होते. पुढं १९५७ मध्ये रोग लिस्बनला पोचला, १९७८ मध्ये सार्डिनियात आणि त्याच सुमारास डोमिनिकन रिपब्लिक व हैतीत. हैतीतली गावरान काळी डुकरं सरसकट मारावी लागली, गोरगरिबांची घरातली पुंजीच गेली. २००७ मध्ये जॉर्जियातल्या पोटी बंदराजवळ जो प्रकार शिरला, त्याचीच पिलावळ २०१८ च्या ऑगस्टमध्ये चीनमध्ये आणि २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात सापडली. २०२१ मध्ये मिझोराम, २०२२ मध्ये केरळातलं वायनाड. माणसाला हा रोग होत नाही. डुकराला झाला तर तीव्र प्रकारात जवळजवळ सगळीच्या सगळी दगावतात.

आता विषाणू. याचा डीएनए १,७०,००० ते १,९०,००० अक्षरांचा आणि त्यात दीडशेहून अधिक जनुकं. स्वतःच्या कुळात हा एकटाच आहे, आणि गोचिडांतून पसरणारा डीएनए विषाणू म्हणूनही दुसरा कुणी माहीत नाही. एवढी जनुकं कशाला लागतात? स्वतःच्या प्रती काढायला सगळीच लागत नाहीत. उरलेल्यांतली बरीचशी डुकराशी लढण्यासाठी आहेत, आणि तीही लढाईच्या पहिल्या काही तासांसाठी.

हा विषाणू मुख्यतः मॅक्रोफेज या भक्षक पेशींत शिरतो. शरीरात काही घुसलं की ते गिळायचं आणि इतरांना सावध करायचं हे या पेशींचं काम. म्हणजे गस्त घालणाऱ्या गुरख्यालाच आधी गाठून त्याची शिट्टी काढून घेतल्यासारखं आहे. विषाणू आपला कारखाना पेशीच्या केंद्रकाशेजारी, पण केंद्रकाबाहेर थाटतो. केंद्रकाबाहेर डीएनए सापडणं ही पेशीसाठी धोक्याची खूण. सीगॅस नावाचं प्रथिन तो ओळखतं आणि एक छोटा निरोप्या रेणू तयार करतं. तो रेणू स्टिंग या प्रथिनाला जागं करतो, स्टिंग टीबीके१ ला, टीबीके१ आयआरएफ३ ला. आयआरएफ३ केंद्रकात गेला की इंटरफेरॉनचं जनुक चालू होतं. इंटरफेरॉन बाहेर पडला की शेजारच्या पेशी कडेकोट बंदोबस्त करतात. हीच उपजत प्रतिकारशक्ती. प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो, तोवर सगळी भिस्त हिच्यावर.

या साखळीच्या जवळपास प्रत्येक कडीवर विषाणूचं एखादं जनुक टपून बसलेलं आहे. एमजीएफ५०५-७आर स्टिंगची विल्हेवाट लावतं. डीपी९६आर टीबीके१ ला अडवतं. आय३२९एल टीएलआर३ या दुसऱ्या पहारेकरी प्रथिनाकडून येणारा इशारा दाबतं. ए२३८एल हे तर पेशीच्याच एका नियंत्रक प्रथिनाची नक्कल आहे, ते एनएफ-कप्पाबी हा दाहाचा मुख्य कळीचा घटक रोखून धरतं. पेशी शेवटचा उपाय म्हणून आत्मघात करू पाहते, तर ए१७९एल तेही होऊ देत नाही. विषाणूला ती जिवंत हवी असते.

यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रयोग २००४ चा. अमेरिकेतल्या प्लम आयलंड पशुरोग केंद्राच्या गटानं दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर उद्यानातल्या गोचिडांतून मिळवलेला एक तीव्र विषाणू घेतला आणि त्याची एमजीएफ३६० व एमजीएफ५३० या कुटुंबांतली आठ जनुकं काढून टाकली. (५३० ला आता बहुतेक जण ५०५ म्हणतात.) मूळ विषाणू मॅक्रोफेजमध्ये घातला तर पेशी गप्प. जनुकं काढलेला घातला तर इंटरफेरॉनशी निगडित जनुकं भराभर जागी झाली. ही कुटुंबं नेमकी काय करतात याचा पहिला ठोस पुरावा तो.

आणखी एक गोष्ट याच्याशी जुळते. स्पेनमधला बीए७१ हा विषाणू माकडाच्या वेरो पेशींत वाढवून वाढवून सरावला, तेव्हा त्याच्या डीएनएच्या डाव्या टोकाची यांतली बरीच जनुकं गळून गेली. वेरो पेशी इंटरफेरॉन बनवूच शकत नाहीत. तिथं त्या जनुकांची गरजच पडत नसावी.

पण एक सांगून ठेवते. काचेच्या थाळीत एखादं जनुक इंटरफेरॉन दाबतं म्हणून ते काढलं की विषाणू जिवंत डुकरात मवाळ होईल, असं मुळीच नाही. ए२३८एल चंच घ्या. थाळीत इतकं प्रभावी, पण मलावीच्या विषाणूतून ते काढून डुकरांना टोचलं तर विषाणू तितकाच जीवघेणा राहिला. दरवर्षी "अमुक जनुक अमुक प्रथिनाला बांधतं" अशा शोधनिबंधांचा ढीग पडतो. डुकरात तपासलेले त्यातले फारच थोडे. लस रखडण्याचं हे एक मोठं कारण आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

---

अनिकेत_वा

धागा आवडला. एक शंका आहे. विषाणू प्रतिकारशक्ती दाबतो म्हणता. पण आफ्रिकन स्वाइन फीवरनं मेलेल्या डुकरात सायटोकाइनचं (दाह भडकवणाऱ्या निरोप्या रेणूंचं) वादळ उठलेलं असतं, असंही वाचलंय. मग दाबली म्हणायची की भडकवली?

---

मृण्मयी_के

अनिकेत, अगदी मुद्द्याचा प्रश्न. दोन्ही खरं आहे, वेळ वेगवेगळी आहे आणि पेशीही वेगवेगळ्या आहेत.

सुरुवातीला लागण झालेला मॅक्रोफेज गप्प असतो. त्या अवधीत विषाणू टॉन्सिल आणि जवळच्या लसिकाग्रंथींतून रक्तात जातो, प्लीहेत आणि यकृतात पोचतो. पुढच्या काही दिवसांत लागण झालेल्या मॅक्रोफेजांची संख्या प्रचंड वाढते आणि मग टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ यांचा लोट सुटतो. ताप ४१-४२ अंशांपर्यंत चढतो. लिंफोसाइट पेशी हजारोंनी आत्मघात करतात. त्यांच्यात विषाणू शिरलेलाही नसतो, शेजारच्या पेशींतून सुटलेल्या रसायनांनीच त्या मरतात. म्हणजे लढायला जे सैन्य पुढं यायचं तेच संपतं.

तीव्र विषाणूनं आजारी पडलेल्या डुकरांच्या रक्तात इंटरफेरॉनही भरपूर सापडतो! तरी विषाणूचं काही बिघडत नाही. एमजीएफ३६० आणि ५०५ गटांतल्या जनुकांचं दुसरं काम इथं दिसतं. बेनिनच्या विषाणूतून ती काढली तर तो इंटरफेरॉनला जास्त बळी पडतो, हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे ती इंटरफेरॉन तयार होऊ देत नाहीत आणि तयार झालाच तर त्याचा परिणामही बोथट करतात.

मवाळ आणि तीव्र यांची तुलनाही बघण्यासारखी आहे. २०१९ मध्ये स्पॅनिश गटानं पोर्तुगालचा मवाळ एनएच/पी६८ आणि तीव्र आर्मेनिया/०७ शेजारी ठेवले. मवाळ विषाणूनं सीगॅस-स्टिंगची साखळी चालू केली, इंटरफेरॉन-बीटा आला. तीव्र विषाणूनं तीच साखळी सुरुवातीलाच बंद पाडली. दोघंही त्याच पेशीत, तेवढ्याच वेळात.

---

डॉ_शिल्पा_पशुवैद्य

मृण्मयीताई, मी काही काळ आसामात काम केलं आहे, म्हणून प्रत्यक्ष दिसतं ते लिहिते. कानांची टोकं आणि पोटाची कातडी लाल, मग जांभळी पडते. डुक्कर खायचं सोडतं, कोपऱ्यात एकमेकांवर ढीग करून पडून राहतात. काही वेळा तर कसलंही लक्षण न दिसता सकाळी मेलेलं सापडतं.

पूर्ण संरक्षक पोशाखात, ठरवून दिलेल्या जागी शवविच्छेदन केलं की आधी नजर प्लीहेवर जाते. नेहमीच्या कितीतरी पट मोठी, जवळजवळ काळी, उदराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूपर्यंत पसरलेली. बोटानं दाबली तर चुरते. जठर आणि मूत्रपिंडाजवळच्या लसिकाग्रंथी कापल्या की आत रक्ताची गुठळीच वाटते. तुम्ही लिहिलेली साखळी तुटते तेव्हा तिचा शेवट असा असतो.

पालकांचं काय होतं तेही सांगते. तिथं दोन-चार डुकरं म्हणजे मुलीचं लग्न, मुलाची फी. गोठा एका आठवड्यात रिकामा होतो. वर आसामातल्या गवताळ रानात पिग्मी हॉग आहे, जगातलं सगळ्यात छोटं रानडुक्कर, आधीच मोजकं उरलेलं. रोग त्यांच्यात शिरला तर काय, ही धास्ती तिथल्या वन्यजीव कार्यकर्त्यांना सतत असते.

---

बार्देशकार

आमच्या घरात गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या डुकरं आहेत. शास्त्र सगळं कळलं असं नाही, पण दोन गोष्टी विचारायच्या आहेत. लस मिळते का? आणि हॉटेलातलं उरलंसुरलं आम्ही डुकरांना घालतो, ते घालावं की नाही? खाद्य विकत आणायचं तर परवडत नाही.

---

डॉ_शिल्पा_पशुवैद्य

बार्देशकार, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते. शक्यतो घालू नका. डुकराचं मांस असलेलं खरकटं तर अजिबात नको. हा विषाणू गोठवलेल्या आणि खारवलेल्या मांसात महिनोन्‌महिने टिकतो. सॉसेज, हॅम, चोरीस, सगळ्यात जोखीम आहे. रोग देशोदेशी गेला तो बराचसा बोटी-विमानांतल्या खरकट्यातून. पर्यायच नसेल तर नुसतं गरम करून भागत नाही, सतत ढवळत खळखळून आणि बराच वेळ उकळायला हवं, तळाशी आणि मधोमध सारखी उष्णता पोचायला हवी. उकळलेलं खाद्य कच्च्याच्या भांड्यात परत ओतू नका. नवीन डुक्कर आणलं तर निदान महिनाभर वेगळं ठेवा. दुसऱ्याच्या गोठ्यातून आलेल्या माणसाला आत घेऊ नका, मी असले तरी!

---

मृण्मयी_के

लसीबद्दल: भारतात पालकाला आज वापरता येईल अशी मंजूर लस नाही. कुणी विकायला आलंच तर घेऊ नका, त्यात काय असेल सांगता येत नाही.

जगात काय चाललंय ते जरा सविस्तर, कारण सगळी गाडी इथंच अडते. १९६० च्या दशकात पोर्तुगालमध्ये मवाळ केलेल्या जिवंत विषाणूची लस पाच लाखांवर डुकरांना टोचली. पुष्कळ डुकरांना न्यूमोनिया, सांधे सुजणं, कातडीवर जखमा असा जुनाट आजार जडला, कित्येक मेली. निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस करून पाहिली तर प्रतिपिंडं येतात, पण डुक्कर वाचत नाही. म्हणून आता एकेक जनुक मोजूनमापून काढलेला जिवंत विषाणू हाच मुख्य मार्ग उरलाय.

जॉर्जियाच्या विषाणूतून एमजीएफ गटातली सहा जनुकं काढली, तर तो मवाळ होतो आणि मूळ विषाणूपासून संरक्षणही देतो. हे २०१५ चं काम. आय१७७एल हे एकच जनुक काढूनही तसंच झालं, ते २०२० मध्ये. या दोन्हींवर आधारलेल्या लसी व्हिएतनाममध्ये तयार झाल्या. २०२२ मध्ये आय१७७एल वाल्या लसीचा वापर सुरू झाला. ऑगस्टमध्ये मध्य व्हिएतनामच्या काही प्रांतांत टोचलेली डुकरं दगावली आणि वापर थांबवला गेला. पुढं २०२३ मध्ये दोन्ही लसींना देशभर परवानगी मिळाली.

जनुकांची बेरीज-वजाबाकी किती बेभरवशाची आहे बघा. ९जीएल हे जनुक काढलं, विषाणू मवाळ. एमजीएफची सहा काढली, तरी मवाळ. दोन्ही एकत्र काढली तर इतका मवाळ झाला की संरक्षणच देईना! सीडी२व्ही हे जनुक काढलेला बीए७१ छान मवाळ होतो आणि इतर प्रकारांपासूनही वाचवतो. तेच जनुक जॉर्जियाच्या विषाणूतून काढलं तर डुकरं पहिल्यासारखीच मरतात. लसीचा विषाणू शरीरात थोडा तरी वाढायला हवा, उपजत प्रतिकारशक्तीला त्याची चाहूल लागायला हवी, आणि तिनं त्याला पुरतं मारण्याआधी टी-पेशींचं शिक्षण पूर्ण व्हायला हवं. ही फट फार अरुंद आहे.

---

कुतूहल_सातारा

आपल्याकडं डुकरांना 'स्वाइन फीवर'ची लस टोचतात ना? ती चालत नाही का? आणि स्वाइन फ्लू यातलाच?

---

डॉ_शिल्पा_पशुवैद्य

तीन वेगळे रोग आहेत. स्वाइन फ्लू हा इन्फ्लुएंझा. तुम्ही म्हणता ती लस क्लासिकल स्वाइन फीवरची, तिचा आफ्रिकन प्रकारावर काडीचाही उपयोग नाही. लक्षणं मात्र इतकी सारखी की डोळ्यांनी बघून फरक सांगता येत नाही. नमुना प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे. पक्कं निदान भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होतं.

---

मृण्मयी_के

शिल्पाताईंच्या उत्तराला पुरवणी. क्लासिकलचा विषाणू आरएनएचा, जेमतेम १२,३०० अक्षरांचा. म्हणजे आफ्रिकनच्या चौदाव्या-पंधराव्या हिश्शाएवढाच. तरी त्यानं एनप्रो नावाचं प्रथिन फक्त या कामासाठी बाळगलंय: ते आयआरएफ३ ला पकडून पेशीच्याच कचरायंत्रणेत ढकलतं. आयआरएफ३ नाही म्हणजे इंटरफेरॉन नाही. दोन विषाणूंचा एकमेकांशी दूरान्वयानंही संबंध नाही, आणि दोघांनी डुकराची तीच कडी धरली. ही एक गोष्ट मला या क्षेत्रात ओढायला पुरेशी होती.

---

सोपान_जा

वॉर्टहॉगला काही होत नाही म्हणता. मग त्याचं जनुक पाळीव डुकरात घालता येत नाही का? हल्ली जनुक-संपादन सोपं झालंय म्हणतात.

---

मृण्मयी_के

सोपानराव, करून पाहिलंय. एनएफ-कप्पाबीचा एक भाग रेला या जनुकातून येतो. वॉर्टहॉग आणि पाळीव डुक्कर यांच्या रेलामध्ये किंचित फरक आहे, तोच विषाणूशी वागणुकीतला फरक असेल असा तर्क होता. एडिंबरोच्या रोझलिन संस्थेत पाळीव डुकराचं रेला वॉर्टहॉगसारखं केलं. त्या डुकरांत लक्षणं उशिरा दिसली, रक्तात विषाणूही थोडा कमी होता, पण शेवटी रोग झालाच.

दुसरा प्रयत्न सीडी१६३ चा. मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावरचं हे प्रथिन काढलं की डुकराला पीआरआरएस हा श्वसनाचा आणि प्रजननाचा विषाणूजन्य रोग होत नाही. आफ्रिकन स्वाइन फीवरलाही तेच दार लागत असेल म्हणून २०१७ मध्ये तपासलं. काहीच फरक पडला नाही. वॉर्टहॉगमध्ये विषाणू जातो, वाढतो, पण रक्तात फार चढत नाही आणि दाहाचा भडका उडत नाही. एका जनुकाचं ते काम नाही असं आता वाटतं.

---

वागेनिंगनहून_मिलिंद

मृण्मयी, लेखन उत्तम, पण लसीबद्दल तू फार हात आखडता घेतेस असं मला वाटतं. ज्या देशात घरटी दोन डुकरं आहेत तिथं जैवसुरक्षेचे धडे किती दिवस देणार? नव्वद टक्के डुकरं वाचवणारी अपुरी लस ही शून्य लसीपेक्षा बरी नाही का? व्हिएतनामनं धाडस केलं, त्याचं मोल आहे.

---

मृण्मयी_के

मिलिंददादा, धाडसाचं मोल मलाही आहे. माझी भीती वेगळी आहे. आय१७७एल काढलेला विषाणू डुकरातून डुकरात पुढं नेत गेल्यावर पुन्हा तीव्र झाला आणि गाभण डुकरिणींवर वाईट परिणाम झाला, असा २०२५ चा अभ्यास आहे. घरटी दोन डुकरं, कुंपण नाही, विक्री खुली, अशा गावात लसीचा विषाणू नेमका असाच फिरणार.

आणि दुसरं. चीनमध्ये जुना जनुकप्रकार १ आणि सध्याचा जनुकप्रकार २ एकत्र येऊन संकरित विषाणू झाल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं, पुढं ते व्हिएतनाममध्येही सापडले. सहा एमजीएफ आणि सीडी२व्ही अशी सात जनुकं काढलेली चिनी लस या संकरितापासून संरक्षण देत नाही. एकाच डुकरात लसीचा आणि रानातला विषाणू भेटले तर काढलेली जनुकं परत मिळण्याची वाट मोकळी होते. बाधित भागात, नोंद ठेवून, ठरलेल्या वयाच्या डुकरांना लस द्यायला माझी हरकत नाही. सरसकट द्यायला आहे.

---

वागेनिंगनहून_मिलिंद

संकरिताचा मुद्दा मान्य. पण नोंद ठेवायला माणसं कुठून आणणार, हा प्रश्न लस असो वा नसो उरतोच. मी माझ्या मतावर आहे.

---

अनिकेत_वा

शेवटची शंका. सीडी२व्ही मुळे तांबड्या पेशी चिकटतात असं कुठंतरी वाचलं. त्यावरून रोग ओळखता येत नाही का? मोठ्या प्रयोगशाळेची गरजच नको.

---

मृण्मयी_के

येतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते बघायला विलक्षण आहे. थाळीत डुकराचे मॅक्रोफेज, त्यात तांबड्या पेशी सोडलेल्या. नमुन्यात विषाणू असेल तर एक-दोन दिवसांत एकेका मॅक्रोफेजभोवती तांबड्या पेशींची दाट झालर जमते, बाकीच्या पेशी रिकाम्याच. १९६० पासून ही चाचणी निदानाला वापरतात. पण त्यासाठी जिवंत विषाणू वाढवावा लागतो, म्हणून उच्च सुरक्षा प्रयोगशाळेबाहेर ती करताच येत नाही.

शिवाय ती चुकूही शकते. लॅटव्हियात २०१७ मध्ये एका रानडुकरात मिळालेल्या विषाणूचं सीडी२व्ही चं जनुक अर्धवट तुटलेलं आहे. त्याच्याभोवती झालर जमतच नाही, आणि तो मवाळही आहे. २०२० पासून चीनमध्येही असे काही मिळाले. अशा विषाणूची लागण झालेली डुकरं सहसा मरत नाहीत, हळूहळू आजारी राहतात, विषाणू सोडत राहतात आणि गोठ्याबाहेर कुणाच्या नजरेत येत नाहीत. त्यामुळं बार्देशकार आणि इतर पालकांनो, एखादं डुक्कर नुसतं अंग धरेना, सांधे सुजलेत, कातडीवर खपल्या आहेत असं असलं तरी पशुवैद्यकाला कळवा, आणि तो येईपर्यंत ते कापू नका, विकू नका.